फोटो काढून घेणारे आणि फोटो काढले जाणारे : स्थानिक वृत्तछायाचित्रकाराचे काम व छायाचित्र-ओळीची भाषा

१. प्रास्ताविक

बातमी, मथळा आणि अग्रलेख हे वृत्तपत्रीय लेखनाचे प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. वृत्तपत्र हाती आल्यावर मात्र वाचकाची नजर प्रथम छायाचित्राकडे जाते आणि तेथून त्याखालच्या ओळीकडे. संपूर्ण बातमी न वाचणारा वाचकही ही ओळ वाचतो. वृत्तपत्र कार्यालयात तिला सर्रास ‘कॅप्शन’ किंवा ‘फोटो ओळ’ म्हणतात. आपण येथे ‘छायाचित्र-ओळ’ ही संज्ञा वापरू. जेमतेम एक-दोन वाक्यांचा, पुष्कळदा तर व्याकरणदृष्ट्या अपुऱ्या अशा एकाच वाक्याचा हा मजकूर असतो. त्यामुळे उपयोजित मराठीच्या अभ्यासात त्याची दखल फारशी घेतली जात नाही. हे मला योग्य वाटत नाही.

जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या ठिकाणी ही ओळ प्रथम लिहितो तो बहुधा छायाचित्रकारच. कार्यालयातील उपसंपादक तिचे शुद्धलेखन तपासतो, लांबी कमी करतो. परंतु चित्रात कोण आहे, ते स्थळ कोणते, तेथे काय चालले होते, हे त्याला स्वतःला ठाऊक नसते. म्हणून छायाचित्र-ओळीची भाषा समजून घ्यायची तर आधी ती लिहिणाऱ्याचे काम पाहिले पाहिजे.

हे काम विलक्षण विविध असते. सकाळी शाळेतील वृक्षारोपण, दुपारी जिल्हाधिकारी कार्यालयासमोरचा मोर्चा, तिसऱ्या प्रहरी बाजार समितीत कांद्याची आवक, संध्याकाळी एखादा सत्कार आणि रात्री उशिरा घाटातला अपघात, असा त्याचा एक दिवस जाऊ शकतो. वर्षाचाही एक क्रम असतो. जूनमध्ये शाळा उघडतात, आषाढात वारी, पुढे पोळा आणि गणेशोत्सव, दिवाळीच्या सुमारास उसाचा गळीत हंगाम, चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा, कुस्त्यांचे फड आणि त्याच सुमारास पाण्याचे टँकर. मधूनच निवडणूक आली की गुलाल आणि शाई लावलेले बोट. मानधन तुटपुंजे असल्याने यांतील अनेकजण स्वतःचा स्टुडिओ चालवतात आणि लग्नसराईत लग्नाची कामेही घेतात.

महानगरातून येऊन परत जाणाऱ्या छायाचित्रकाराहून त्याची स्थिती एका बाबतीत वेगळी असते. काल ज्याचे चित्र त्याने टिपले तो माणूस आज चहाच्या टपरीवर अंक हातात घेऊन उभा असतो. ओळीत काही उणे-अधिक झाले असेल तर त्याचा जाब तेथेच, सर्वांसमक्ष विचारला जातो.

२. एका क्रियापदाची दोन रूपे

मराठीत फोटो ‘काढतात’. रांगोळी काढावी, चित्र काढावे, विहिरीतून पाणी काढावे, तसाच फोटोही. हिंदीत तो ‘खींचते’ हैं, म्हणजे ओढतात. नामाच्या बाबतीत तर गंमतच आहे. मूळ ग्रीक घटकांतून बनलेल्या ‘फोटोग्राफी’ या शब्दाचा अर्थ प्रकाशाने केलेले लेखन असा होतो. आपण त्याला प्रतिशब्द घडवला तो प्रकाशाच्या नव्हे, तर छायेच्या आधारे.

आपल्याला येथे महत्त्वाची आहेत ती ‘काढणे’ या क्रियापदाची दोन रूपे. पुढील वाक्ये पाहा :

‘आजीने नातवंडांसह फोटो काढून घेतला.’
‘बाजारात भाजी विकणाऱ्या आजीचा फोटो काढला गेला.’

दोन्ही वाक्यांत कॅमेरा दुसऱ्याच कोणाच्या हाती आहे. तरीही पहिल्या वाक्याची कर्ता आजी आहे. ‘काढून घेणे’ या संयुक्त क्रियापदातील ‘घेणे’ हे सहायक क्रियापद त्या क्रियेचा लाभ कर्त्याकडे वळवते, आणि क्रिया दुसऱ्याकडून करवून घेतल्याचेही सुचवते. दुसरे वाक्य कर्मणी आहे. तेथे आजी षष्ठीत गेली आहे. फोटो तिचा असला, तरी तो काढण्याच्या निर्णयात तिचा भाग नाही. (‘काढून घेणे’ याचा ‘हिरावून घेणे’ असाही अर्थ मराठीत आहे, हे जाता जाता लक्षात ठेवावे.)

स्थानिक छायाचित्रकाराची कामे याच दोन रूपांत विभागली जातात. काही ठिकाणी त्याला बोलावणे येते. तेथील माणसे फोटो काढून घेतात. इतर ठिकाणी तो स्वतःहून पोहोचतो. तेथील माणसांचे फोटो काढले जातात. पहिल्या प्रकारात प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि उभे राहण्याचा क्रम यांची यादी आयोजकच हाती देतात. दुसऱ्या प्रकारात नाव विचारण्याची जबाबदारी छायाचित्रकारावर असते, आणि त्याने ती पार पाडली नाही तर कोणी तक्रारही करीत नाही. या घटकाचा खरा विषय हा फरक आहे.

३. ‘करताना’ची रचना

बोलावण्याच्या कार्यक्रमांची ओळ साधारणपणे अशी असते : ‘रस्त्याच्या कामाचे भूमिपूजन करताना आमदार. शेजारी नगराध्यक्ष, मुख्याधिकारी व अन्य मान्यवर.’ ‘निवेदन देताना’, ‘सत्कार स्वीकारताना’, ‘मार्गदर्शन करताना’ हे याच साच्याचे अन्य आविष्कार.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘करताना’ हे धातुसाधित अव्यय आहे. लिंग-वचनानुसार ते बदलत नाही आणि एरवी त्याला मुख्य वाक्याची गरज भासते : ‘भूमिपूजन करताना आमदार घसरले.’ छायाचित्र-ओळीत हे मुख्य वाक्य गाळले जाते, कारण ‘दिसत आहेत’ हा आशय चित्रच पुरवते. म्हणूनच ‘छायाचित्रात भूमिपूजन करताना आमदार दिसत आहेत’ असे लिहिणे म्हणजे शब्दांचा अपव्यय होय. हा साचा काटकसरीचा आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र क्रियेचा मान त्यात कोणाला मिळतो हे तपासले पाहिजे. भूमिपूजनाच्या चित्रात कुदळ हाती असलेला क्षणभराचा कर्ता नावानिशी येतो. खड्डा आधीच खणून ठेवणारा चित्राच्या कडेला उभा असला, तरी ओळीत येत नाही.

दुसरा मुद्दा आदरार्थी बहुवचनाचा. ‘भाषण करणारे आमदार’ एकच असले तरी बहुवचनात येतात. ‘खोदकाम करणारा मजूर’ एकवचनात. बोलण्यात हा भेद आपण सहज करतो. छापील ओळीत तो केला की वृत्तपत्राने एकाच पानावर दोन माणसांना दोन दर्जे दिले असे होते. नावानंतर येणाऱ्या ‘यांनी’ आणि ‘याने’ या सर्वनामरूपांचेही तसेच. वयाने साठीच्या पुढे गेलेल्या शेतमजुरालाही ‘याने’ लावलेले मी वाचले आहे. वयाचा मान राखण्याची मराठी रीत त्या ओळीत तरी पाळली गेली नव्हती.

४. देणारा कर्ता, घेणारा चतुर्थीत

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांच्या महापुराने सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत मोठी हानी केली. स्थानिक छायाचित्रकारांनी तेथे पाण्यात उतरून काम केले; त्यांच्यापैकी काहींची स्वतःची घरेही पुराच्या कक्षेत होती. पहिल्या काही दिवसांची चित्रे सुटकेची होती : नावा, छतावर बसलेली कुटुंबे, दावणीतून सोडवून आणलेली जनावरे. पाणी ओसरू लागले तशी चित्रे मदतवाटपाची होऊ लागली आणि त्यांच्याबरोबर ओळीही बदलल्या.

मदतवाटपाच्या ओळीचा नमुना असा : ‘पूरग्रस्तांना जीवनावश्यक वस्तूंचे वाटप करताना मंडळाचे अध्यक्ष, सचिव व पदाधिकारी.’ या वाक्याचे कारकसंबंध सोडवून पाहू. देणारा हा कर्ता. प्रत्यक्ष छपाईत त्याचे नाव, आडनाव आणि पद तिन्ही येतात. दिली जाणारी वस्तू हे कर्म. घेणारा संप्रदान, तो ‘-ना’ प्रत्यय लावून चतुर्थीत येतो, आणि तोही नावाने नव्हे तर ‘पूरग्रस्त’ या सामान्यनामाने. आठवडाभरापूर्वी हा माणूस शिक्षक, सुतार किंवा दूध संस्थेचा सभासद होता. ओळीत त्याची एकच ओळख उरते, आणि ती आपत्तीने दिलेली असते.

चित्रातही बहुधा हेच घडते. देणाऱ्यांचे चेहरे कॅमेऱ्याकडे वळलेले असतात, घेणारी स्त्री पाठमोरी तरी असते किंवा पदराने चेहरा अर्धा झाकून घेते. त्या पुराच्या वेळी मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे छापली गेल्यावरून बरीच टीका झाली होती. आपल्या अभ्यासाच्या भाषेत सांगायचे तर देणाऱ्याने वस्तू पोहोचण्याआधीच तिच्यावर फोटो काढून घेतला होता.

ओळ वेगळी लिहिता येते का? येते, पण त्यासाठी चित्रही वेगळे टिपावे लागते. ‘पाणी ओसरल्यानंतर घरातील गाळ उपसताना…’ अशी सुरुवात केली की घरातला माणूस कर्ता होतो. क्रिया त्याची, कष्ट त्याचे, आणि मग नाव विचारणेही ओघाने येते. ‘-ताना’चा तोच साचा येथे दुसऱ्या माणसाच्या बाजूने उभा राहतो. मदतवाटपाचे चित्र छापूच नये, असे कोणी म्हणणार नाही. देणारी संस्था खरीच आलेली असते आणि तिचे काम सांगणे हाही बातमीचा भाग आहे. परंतु पुराच्या आठवड्यात जिल्हा पानावर केवळ देणारेच कर्ते असतील, तर तो मजकूर अपुरा मानावा.

येथे छायाचित्रकाराजवळ एक साधा प्रश्न असतो : ‘नाव घालू का?’ कोणी होय म्हणते, कोणी ‘फोटो घ्या, नाव नका घालू’ म्हणते, तर कोणी हात आडवा करते. प्रश्न विचारला की ‘फोटो काढला जाणारा’ माणूस काही अंशी ‘काढून घेणारा’ होतो. कर्मणीचा कर्तरी होण्याची ही क्रिया व्याकरणाच्या पुस्तकात सापडणार नाही.

५. रिंगण, आणि मागच्या वर्षीची ओळ

दरवर्षी होणाऱ्या घटनांचे चित्रण हे स्थानिक छायाचित्रकारापुढील सर्वांत अवघड काम होय. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. नीरास्नान होते, लोणंदचा मुक्काम होतो आणि तेथून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण पार पडते. दिंड्या रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहतात, मधल्या मोकळ्या वाटेतून स्वाराचा अश्व आणि माउलींचा अश्व धावत जातात. प्रत्यक्ष दौड काही क्षणांची असते. अश्व पुढे गेले की टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी वारकरी वाकतात.

या चित्राखाली कोणती ओळ येते? ‘टाळ-मृदंगाच्या गजरात आणि हरिनामाच्या जयघोषात तल्लीन झालेले वारकरी.’ ओळ शुद्ध आहे, भक्तिभावाला धरून आहे, आणि मागच्या वर्षीच्या चित्राखालीही ती जशीच्या तशी चालली असती. छायाचित्र-ओळ तपासण्याची ही एक चांगली कसोटी आहे. जी ओळ कोणत्याही वर्षीच्या, कोणत्याही मुक्कामाच्या चित्राखाली चालते तिने या चित्राविषयी काहीच सांगितलेले नसते. गजर चित्रात ऐकू येत नाही. तो शब्दांनी भरून काढण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण शब्द झिजलेले असले की तो भरून निघत नाही.

त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण झाल्यानंतर अश्वाच्या टापांखालची माती कपाळी लावताना रथामागील दिंडीतील वारकरी.’ स्थळ आले, क्षण आला, क्रिया आली. वारीतील दिंड्यांना रथापुढील व रथामागील असे ठरलेले क्रमांक असतात. तो क्रमांक विचारून लिहिला तर त्या दिंडीच्या गावी अंक जपून ठेवला जातो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रीचे चित्र तर दरवर्षी येते. तिला ‘भाविक महिला’ म्हणून सोडून द्यावयाचे की तिचे नाव, गाव आणि ही कितवी वारी हे विचारावयाचे? त्यास अर्धा मिनिट पुरतो. गर्दीत तो अर्धा मिनिट काढणे किती कठीण असते, हे मात्र ज्याने ते काम केले आहे तोच सांगू शकेल.

गावाचे नाव लिहिताना एक दक्षता घ्यावी. महाराष्ट्रात एकाच नावाची गावे अनेक आहेत आणि त्यांना वेगळे करण्यासाठी ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ ही पदे जोडली जातात. ‘बुद्रुक’ हे फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा, वडीलधारा या शब्दाचे मराठी रूप. ‘खुर्द’ म्हणजे लहान. जागा वाचवण्यासाठी उपसंपादकाने ‘खुर्द’ गाळले की बातमी पलीकडच्या तीरावरील गावाची होऊ शकते. यात्रेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निकालाच्या चित्राखाली असे झाले, तर दोन्ही गावांत त्याची चर्चा होते.

६. चित्रात न मावणारे

काही चित्रे ओळीवाचून मुकी राहतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी पाठवण्यात आले. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. छायाचित्रात दिसणार काय, तर लोखंडी टाक्यांची रांग. ती तेलाची नसून पिण्याच्या पाण्याची आहे, आणि ती ज्या शहरात आली तेथे त्याआधीच्या महिन्यात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावावे लागले होते, हे ओळीनेच सांगितले पाहिजे. अशा वेळी विशेषणे निरुपयोगी असतात. आकडा, तारीख आणि स्थळ पुरेसे बोलतात.

टंचाईचे नेहमीचे चित्र म्हणजे घागरींची रांग. ‘नळाला पाणी नसल्याने लागलेली घागरींची रांग’ ही ओळ वस्तुस्थितीला धरून आहे. घागरी रांगेत आहेत कारण त्यांच्या मालकिणी घरी किंवा कामावर परतल्या आहेत. पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. हे एक वाक्य जोडले की घागरींमागची माणसे दिसू लागतात.

मोर्चाच्या चित्राखाली ‘-ण्यात आला’ या रचनेकडे लक्ष द्यावे : ‘लाठीमार करण्यात आला’, ‘अतिक्रमणे हटवण्यात आली’, ‘झाडे तोडण्यात आली’. शासकीय मराठीतून आलेली ही रचना कर्ता लपवण्याची उत्तम सोय करते. आदेश कोणी दिला हे ठाऊक नसेल तर ती वापरणे प्रामाणिक; ठाऊक असूनही वापरली तर तो संकोच झाला. अपघाताच्या ओळीतही शब्दांची निवड दर्जा ठरवते. एकाच अपघातातील एकाचे ‘निधन’ आणि दुसरा ‘ठार’ असे होता कामा नये.

७. नाव केव्हा देऊ नये

आतापर्यंत आपण नाव देण्याच्या बाजूने बोललो. याला कायद्याने घातलेले अपवाद छायाचित्रकाराला आणि ओळ लिहिणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजेत. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ अन्वये प्रतिबंध आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायदा, २०१२ चे कलम २३ आणि बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ लागू होते. त्यांत नावाबरोबरच पत्ता, शाळा आणि छायाचित्र यांचाही समावेश आहे. नाव गाळले, चेहरा धूसर केला, पण गणवेशावरील शाळेचे बोधचिन्ह तसेच राहिले किंवा ओळीत वाडीचे नाव आले, तर लहान गावात ओळख पटण्यास काहीच वेळ लागत नाही. येथे चित्र आणि ओळ एकत्र वाचून तपासावी लागतात.

८. ‘छाया :’

ओळीच्या अखेरीस ‘छाया :’ असे लिहून छायाचित्रकाराचे नाव दिले जाते. दुसऱ्यांची नावे विचारत फिरणाऱ्याचे स्वतःचे नाव येथे येते, आणि तेही अनेकदा गळते. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली होती. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता ते काढणारा होय. मात्र वृत्तपत्राच्या सेवेत असताना, त्यात प्रसिद्ध करण्यासाठी काढलेल्या छायाचित्राचा प्रसिद्धीचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वृत्तपत्राच्या मालकाकडे जातो. पगारी नोकर नसलेल्या, फोटोमागे मानधन घेणाऱ्या तालुक्याच्या छायाचित्रकाराची स्थिती त्यामुळे वेगळी ठरते आणि त्याने ती समजून घेतलेली बरी.

फिल्मच्या काळात छापील प्रतीच्या पाठीवर ओळीची चिठ्ठी चिकटवून पाकीट एसटीने शहरात पाठवले जाई. चिठ्ठी सुटली तर चित्र अनाथ. आजच्या डिजिटल छायाचित्रात ओळ फाइलमध्येच नोंदवता येते. परंतु व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवताना ही अंतर्गत माहिती सामान्यतः गळून पडते. म्हणून ओळ स्वतंत्र संदेशाने, चित्राच्या क्रमांकासह पाठवावी. चिठ्ठी सुटण्याचा जुना धोका अशा रीतीने नव्या साधनातही शिल्लक आहे.

९. स्वयंअध्ययनासाठी

(अ) आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही एका दैनिकाच्या सलग सात दिवसांच्या जिल्हा पानांवरील छायाचित्र-ओळी एका वहीत उतरवा. प्रत्येक ओळीत नावाने आलेल्या आणि सामान्यनामाने आलेल्या व्यक्ती वेगळ्या मांडा. सामान्यनामाने आलेल्या व्यक्ती कोणत्या विभक्तीत आहेत ते नोंदवा.

(आ) त्याच संग्रहातील मदतवाटप, रक्तदान शिबिर किंवा वृक्षारोपण यांपैकी एका चित्राची ओळ कर्ता बदलून पुन्हा लिहा. चित्र तेच ठेवून हे शक्य होते की नाही, यावर पाच-सहा ओळींत टिपण करा.

(इ) गावातील आठवडे बाजारात एका विक्रेत्याचे किंवा विक्रेतीचे, परवानगी विचारून, छायाचित्र काढा आणि त्यास तीस शब्दांपर्यंत ओळ लिहा. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती ओळ त्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांनी काही बदल सुचवल्यास मूळ ओळ व बदललेली ओळ अशा दोन्ही, कारणांसह, संपर्कसत्रात आणाव्यात.